कुळाचा शोध आणि कागदाची साक्ष

पणजोबांचे नाव सांगू शकणारी माणसे पुष्कळ आढळतात. परंतु पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले असता बहुतेक घरांत सारेच एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, आणि धर्माने घालून दिलेली ही मर्यादा बहुधा कुटुंबाच्या स्मरणशक्तीचीही मर्यादा ठरते. त्यापलीकडचे पूर्वज कोण होते, कोठून आले, काय करून पोट भरीत होते, हे जाणावयाचे असेल तर आठवणीचा हात सोडून लेखाचा हात धरावा लागतो.

मात्र येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. जुन्या लेखांपैकी फारच थोडे लेख वंश सांगण्यासाठी लिहिलेले असतात. कोणी देवकार्यास दान दिले, कोणी वतनासाठी भाऊबंदाशी भांडला, कोणाकडे सारा थकला, कोणी गोदावरीत वडिलांच्या अस्थी सोडल्या, कोणी मुलाला शाळेत घातले, अशा निमित्ताने माणसाचे नाव लेखात शिरले आणि योगायोगाने टिकले. म्हणून कुळाचा शोध घेणाऱ्याने कागदाला पहिला प्रश्न ‘माझा पूर्वज कोण?’ असा न विचारता ‘तू कोणत्या कामासाठी लिहिला गेलास?’ असा विचारावयास हवा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे उत्तर विश्वासार्ह ठरत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुका आणि त्याच्या शेजारचा मुलूख घेतला, तरी या म्हणण्याची प्रचीती देणारी दोन हजार वर्षांची साधने तेथे सापडतात.

कन्नड तालुक्याच्या डोंगराळ भागात पितळखोरे येथे बौद्ध लेणी आहेत. त्यांतील जुना भाग इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकांतील मानला जातो. तेथील ब्राह्मी लेखांत दाते आपली ओळख देतात. पैठणचा मित्रदेव हा गांधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला. त्याने खांब दिला. मगिल नावाचा राजवैद्य होता. त्याने, त्याच्या दत्तक नावाच्या मुलाने आणि दत्ता नावाच्या मुलीने दान दिल्याचे वेगवेगळे लेख आहेत. एका यक्षमूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली असे कोरलेले आहे. सामान्य कारागिराचे, वैद्याचे आणि व्यापाऱ्याचे कूळ दगडावर आले ते पुण्यसंचयाच्या हेतूने. त्यामुळे दात्याचे नाव, त्याचा धंदा, त्याचे गाव आणि आईबापांपैकी एखाद्याचा निर्देश एवढाच तपशील तेथे मिळतो. पुण्याच्या खात्यात याहून अधिकाची गरज नव्हती.

या लेखांतील आणखी एक विशेष पाहण्याजोगा आहे. राजवैद्य मगिल स्वतःला ‘वात्सीपुत्र’ म्हणवितो. वत्स गोत्रातील मातेचा पुत्र ही त्याची ओळख. सातवाहन राजांत गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी जी नावे प्रसिद्ध आहेत, तोच हा प्रघात. पित्याच्या नावाइतकेच मातेचे कूळही ओळखीसाठी पुरेसे मानणारा एक काळ याच भूमीवर होऊन गेला, आणि दत्तेसारख्या मुलीच्या नावावर स्वतंत्र दान कोरले गेले, ही गोष्ट पुढच्या काळातील कागद पाहताना वारंवार आठवते.

कन्नडचा घाट उतरून खानदेशात गेले म्हणजे चाळीसगावच्या बाजूस, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे ठिकाण लागते. तेथील भवानीच्या देवळातील शिलालेख महाराष्ट्रातील वंशशोधाच्या दृष्टीने बहुमोल आहे. मुंबईचे विद्वान वैद्य भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला आणि १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढे ठेवला. लेखाचा काळ १२०७ च्या सुमाराचा. लीलावतीकर्त्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या आणि कुळातील इतर विद्वानांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून येथे मठ स्थापन केला, आणि त्या भागावर सत्ता असलेल्या निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी मठाला देणग्या दिल्या.

या लेखात शांडिल्य गोत्राच्या या घराण्याच्या सलग नऊ पिढ्या सांगितल्या आहेत. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर आणि चांगदेव अशी ती मालिका आहे. एवढी लांब आणि निश्चित वंशावळ त्या काळातील थोड्याच घराण्यांची उपलब्ध असेल. परंतु ती कोरली कशासाठी? लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून त्यात मठासाठी कोणी काय द्यावयाचे याचा तपशील आहे. विद्येची थोरवी सांगणारी वंशावळ आणि देण्याचा हिशेब सांगणारी मराठी एकाच शिळेवर आहेत, हा योगायोग मानता येत नाही. मठाला मिळणारे उत्पन्न पुढे कोणी बंद करू नये, यासाठी ज्या कुळाच्या विद्येकरिता ते दिले त्या कुळाची योग्यता प्रथम प्रस्थापित करणे अवश्य होते.

हेतू असा उघड असल्यामुळे वंशावळ खोटी ठरते काय? तसे मुळीच नाही. तिला दुसरी साक्ष शोधावी लागते, इतकेच. येथे ती सुदैवाने मिळते. चाळीसगाव तालुक्यातच बहाळ येथे १२२२ सालचा दुसरा शिलालेख आहे. तो अनंतदेव नावाच्या ज्योतिषाचा असून तो आपली परंपरा मनोरथ, महेश्वर, श्रीपती, गणपती आणि आपण अशी देतो. म्हणजे भास्कराचार्यांचा भाऊ श्रीपती याची ही शाखा. पाटणे आणि बहाळ हे लेख निराळ्या शाखांनी, निराळ्या वेळी, निराळ्या देवस्थानांसाठी कोरविले. तरी मनोरथ आणि महेश्वर या दोन नावांवर ते एकमेकांस मिळतात. शिवाय आपले पिता महेश्वर आणि आपला जन्म शके १०३६ चा, म्हणजे १११४ सालचा, असे खुद्द भास्कराचार्यांनीही आपल्या ग्रंथात नमूद करून ठेवले आहे. परस्परांशी संगनमत होण्याचा संभव नसलेल्या साक्षी एका नावापाशी येऊन मिळाल्या, म्हणजे ते नाव सिद्ध झाले असे समजावे. घरगुती वंशावळ तपासतानाही हीच कसोटी लावावयाची असते.

ही कसोटी जेथे पुरी पडत नाही, तेथे काय होते याचे उदाहरणही दूर नाही. कन्नडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना वाटेत वेरूळ लागते. भोसले घराण्याची पाटिलकी या गावची. बाबाजी भोसले, त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी, मालोजींचे पुत्र शहाजी आणि शहाजींचे पुत्र शिवाजी महाराज इतकी परंपरा कागदपत्रांनी व समकालीन ग्रंथांनी भक्कम झालेली आहे. बाबाजींच्या मागे जाऊ लागले की मात्र वाट धूसर होत जाते.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या प्रसंगी क्षत्रियत्वाचा प्रश्न उपस्थित होऊन वंशाचा शोध घेण्यात आला. भोसले हे उत्तरेतून दक्षिणेत आलेल्या शिसोदे कुळातील होत असे त्या शोधात निष्पन्न झाल्याचे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नमूद केले आहे. पुढे १८०३ मध्ये तंजावरच्या सरफोजी राजांनी बृहदीश्वराच्या देवालयाच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले. एवढा विस्तृत मराठी शिलालेख अन्यत्र क्वचितच असेल. मुधोळच्या घोरपडे घराण्याजवळील फारसी फर्माने १९३४ साली प्रसिद्ध झाली आणि शिसोद्यांपासून भोसल्यांपर्यंतचे दुवे त्यांत असल्याचे प्रतिपादन झाले. परंतु त्या फर्मानांच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत एकमत झाले नाही. उलट डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवाच्या उपासनेचा माग काढीत, या घराण्याचा मूळ पुरुष दक्षिणेकडचा, कर्नाटकातील सोरटूरचा असावा, असे मत मांडले.

राजघराण्याची ही स्थिती असेल, तर सामान्य कुटुंबाने आपल्या वंशावळीच्या पहिल्या दोन-चार नावांविषयी हट्ट धरू नये हे उघड आहे. राज्याभिषेकासाठी झालेला शोध, राजधानीच्या देवळावर कोरलेला शोध आणि संस्थानाच्या दप्तरातून निघालेला शोध, यांतील प्रत्येकाला काही सिद्ध करावयाचे होते. बाबाजींपासूनच्या पिढ्यांना कोणी काही सिद्ध करू पाहत नव्हते. त्यांची नावे पाटिलकीच्या, मोकाशांच्या, देवस्थानांच्या रोजच्या व्यवहारात येऊन गेली, आणि म्हणूनच ती वादातीत राहिली. मोठ्या हेतूने लिहिलेल्या कागदापेक्षा क्षुल्लक कारणाने लिहिलेला कागद वंशाच्या कामी अधिक भरवशाचा ठरतो, असा या शास्त्राचा अनुभव आहे.

असे क्षुल्लक भासणारे कागद मराठी मुलखात विपुल आहेत. वतन हा गावगाड्याचा कणा होता, आणि वतनाच्या वडीलपणाचा तंटा हा त्याचा जुना रोग. पाटिलकी थोरल्या शाखेची की धाकट्या शाखेची, शिमग्याच्या पोळीचा मान कोणाचा, अशा वादांत दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत. करीना म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत. मूळ पुरुष अमुक, त्याला पुत्र इतके, त्यांतला एक दुष्काळात परागंदा झाला, दुसऱ्याचा निर्वंश झाला, असा तो तपशील असतो. मग गोतसभा बसून महजर होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची, शेट्याच्या नावापुढे तराजूची खूण, अशा ज्याच्या त्याच्या धंद्याच्या निशाण्या पडत. महार हेही वतनदार असल्याने सीमेच्या आणि वतनाच्या निवाड्यांत त्यांची साक्ष महत्त्वाची मानली जाई, आणि त्यामुळे त्यांच्या पूर्वजांची नावेही महजरांत भेटतात.

करीना वाचताना मात्र सावध असावे लागते. तो पक्षकाराने लिहिलेला कागद होय. आपली शाखा थोरली ठरविण्यासाठी एखादा चुलता त्यातून सहज गळतो आणि एखाद्या दत्तकाला औरसत्व मिळते. प्रतिपक्षाचा करीना हाती आल्याशिवाय एका बाजूचा करीना प्रमाण मानू नये. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत आणि १९१० मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या प्रकाशनांत असे कागद मोठ्या संख्येने छापले गेले आहेत. कित्येक घराण्यांना आपल्या पूर्वजांचे भांडण प्रथम तेथेच वाचावयास मिळाले.

मोगली अमलात निराळ्याच कारणाने माणसांची नावे लिहिली गेली. शहाजहान व औरंगजेब यांच्या काळातील दख्खनच्या कारभाराचे सुमारे दीड लाख फारसी कागद औरंगाबादेच्या किल्ले अर्कात पडून होते. ते १९१६ साली हैदराबादेस नेण्यात आले, आणि तेथील राज्य पुराभिलेखागारात ते आहेत. त्यांत ‘चेहरा’ नावाचा एक प्रकार आहे. मनसबदाराच्या पदरचा शिपाई हजिरीस आला म्हणजे त्याचे नाव, बापाचे नाव, वय, वर्ण, चेहऱ्यावरील तीळ किंवा जखमेचा व्रण, आणि त्याच्या घोड्याचा रंग व डाग हे सर्व लिहून घेत. एकाच्या जागी दुसरा माणूस उभा करून पगार उचलला जाऊ नये, हा त्यातला हेतू. लबाडी थांबविण्यासाठी केलेल्या या नोंदीने साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या साध्या शिपायाचे मुखदर्शन घडते. असे भाग्य पुष्कळ सरदारांच्या वंशजांनाही लाभलेले नाही.

धर्माच्या निमित्ताने लिहिलेल्या नोंदींत तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे स्थान पहिले. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पैठण या गोदातीरावरच्या क्षेत्रांत उपाध्यायांच्या घरी गावागावांच्या यजमानांची नामावळी असते. अस्थी घेऊन किंवा सिंहस्थात स्नानासाठी आलेला यजमान आपले नाव, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, मुलांचे व चुलत्यांचे नाव, गाव आणि कूळ सांगतो. लिहिता येत असल्यास स्वतःच्या हाताने लेख देतो. पुढच्या पिढीतील माणूस आला म्हणजे मागील लेख काढून दाखविला जातो आणि त्याखाली नवा लेख पडतो. उपाध्यायाचा हेतू आपली यजमानवृत्ती राखण्याचा. त्या स्वार्थातूनच हजारो शेतकरी कुटुंबांच्या पिढ्या सुरक्षित राहिल्या. कोल्हापूर-सोलापूरच्या सीमाभागात हेळवी दारोदार फिरून कुळांची परंपरा वाचून दाखवितात, तीही याच जातीची विद्या. तीर्थाच्या वहीचा एक गुण असा की गाव उठले, भाऊबंद पांगले, घरातील कागद वाळवीने खाल्ले, तरी ती दूरच्या क्षेत्री शाबूत राहते.

युरोपात इटलीची प्रथा या बाबतीत ताडून पाहण्याजोगी आहे. तेथे १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या नोंदी प्रत्येक गावच्या पाद्र्याने ठेवाव्या असा दंडक घातला. १६१४ नंतर मृत्यूंच्या नोंदी आणि घरोघरच्या माणसांच्या याद्या यांचीही भर पडली. चोरून होणारी लग्ने आणि निषिद्ध नात्यांतील लग्ने टाळणे हा त्यातील मुख्य उद्देश. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या अमलात नगरपालिकांची नोंद सुरू झाली, आणि १८६१ मध्ये राज्य एक झाल्यावर १८६६ पासून ती सर्वसाधारण कायद्याने चालू लागली. आपली वही तीर्थाच्या ठिकाणी असते, त्यांची वही जन्मगावच्या देवळात असते. म्हणून इटालियन मनुष्याला पूर्वज शोधण्यासाठी आडनावापेक्षा गाव ठाऊक असणे अधिक मोलाचे. तेथेही थोरल्या मुलाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे एक नाव आड एक पिढीला पुन्हा येऊन आजोबा कोणता आणि नातू कोणता असा घोटाळा दोन्हीकडे सारखाच होतो. परंतु तेथील नोंदीत विवाहित स्त्री माहेरच्याच आडनावाने ओळखली जाते, हा फरक मोठा आहे. अर्जेंटिना, ब्राझील, अमेरिका येथे गेलेल्या इटालियनांच्या नातवा-पणतवांनी अशा नोंदींच्या बळावर इटलीचे नागरिकत्व मिळविले. ही रीघ इतकी वाढली की २०२५ मध्ये इटलीने कायदा बदलून सामान्यतः आईबाप किंवा आजी-आजोबा यांच्यापलीकडचा पूर्वज त्या हक्कासाठी पुरेसा मानण्याचे बंद केले.

इकडे निजामी राजवटीत साऱ्याच्या वसुलीने कागदांची रास वाढविली. पहिल्या सालारजंगाने १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी केली. पुढील दशकात मराठवाड्यात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. शेतवार पत्रके, वसूल-बाकीच्या वह्या आणि त्यांच्या मागोमाग जन्म-मृत्यूच्या नोंदी तयार झाल्या. १८८१ साली हैदराबाद राज्याची पहिली खानेसुमारी झाली. खानेसुमारीच्या छापील ग्रंथांतून जातवार लोकसंख्येचे आकडे मिळतात. पण ते आकडे जिल्ह्याचे आणि तालुक्याचे असतात, त्यांतून कोणा एकाचा आजा ओळखता येत नाही. व्यक्तीचे नाव हवे असेल तर सारा भरणाऱ्याच्या किंवा मुलाला शाळेत घालणाऱ्याच्या वहीकडेच वळावे लागते.

या वह्या वाचणे सोपे नाही. मराठी मजकूर मोडीत आणि सरकारी मजकूर प्रथम फारसीत व १८८० नंतरच्या दशकापासून उर्दूत. ‘वलद’ आणि ‘बिन’ म्हणजे अमक्याचा पुत्र, ‘कोम’ म्हणजे अमक्याची पत्नी. आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘रामा वलद सखाराम’ एवढ्यावर भागते. वर्षांचे गणितही सांभाळावे लागते. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. निजामी मुलखातील दक्षिणी फसलीत ५९० मिळवावे लागतात, म्हणून फसली १३०० म्हणजे १८९०-९१. मराठी अमदानीतील सुहूर सन अरबी शब्दांत लिहीत. ‘इसन्ने सबैन अलफ’ म्हणजे दोन, सत्तर आणि हजार, एकूण १०७२. त्यात ५९९ घातले की १६७१-७२ हे साल येते. ज्याने हे कोष्टक जवळ ठेवले नाही, त्याच्या वंशावळीत नातू आजोबांच्या आधी जन्माला येण्याचा संभव असतो.

शाळेच्या प्रवेश-निर्गम वहीचेही असेच आहे. ती अधिकृत पुरावा मानली जाते, परंतु जन्मतारखेच्या रकान्यात पानोपानी ‘१ जून’ आढळते. गावातील इतकी मुले एकाच दिवशी जन्मलेली नव्हती. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई, मूल सहा वर्षांचे दिसले की हेडमास्तर मागे मोजून तारीख मांडीत, आणि आईबाप मान डोलावीत. वही खोटी नाही. तिचा हेतू मुलाला पहिल्या इयत्तेत बसविण्याचा होता, जन्मपत्रिका मांडण्याचा नव्हता. तिच्यातील बापाचे नाव आणि गाव भरवशाचे, तारीख अदमासाची, असा विवेक वाचणाऱ्याने करावयाचा असतो.

येथवर पाहिलेल्या साधनांत एक उणीव समान आहे. ज्याच्याजवळ देण्यासारखे धन, भांडण्यासारखे वतन किंवा सारा बसण्यासारखी जमीन होती, त्याचेच नाव कागदावर सहज आले. भूमिहीन मजूर, डोंगरातले भिल्ल, पालावर राहणारी कुळे यांची नावे आली तर पुष्कळदा पोलिसांच्या किंवा तुरुंगाच्या वहीत आली. स्त्रियांचे तर बहुतेक वंशावळींत नावच नसते. झाडाला फांद्या फुटतात, पण त्या कोणाच्या पोटी हे सांगितलेले नसते. पितळखोऱ्यातील वात्सीपुत्र मगिल आणि त्याची मुलगी दत्ता यांना जी जागा मिळाली, ती दीड-दोन हजार वर्षांनंतरच्या पाटलाच्या लेकीसुनांना मिळाली नाही. वंशावळ नव्याने मांडणाऱ्या कुटुंबाने आजीचे, पणजीचे नाव व तिचे माहेर ही दोन तरी आवर्जून लिहावीत. बहुतेक घरांत ते सांगणारे कोणी एखादे वृद्ध माणूस अजून असते.

या विषयाला आज व्यवहाराची धार आली आहे. जातीचा दाखला पडताळताना इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानतात. ७ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम हाती घेतले. ते पुढे राज्यभर वाढले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरमधील नोंदींविषयीचा शासननिर्णय निघाला. या निर्णयांवरून समाजात तीव्र मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा विधिमंडळाने व न्यायालयांनी करावयाचा आहे. इतिहासाच्या दृष्टीने एवढेच सांगता येते की तालुक्याच्या कचेऱ्यांतून, शाळांतून, तुरुंगांतून आणि पोलीस ठाण्यांतून मोडी व उर्दू वह्या बाहेर निघाल्या, आणि कित्येक घरांच्या मुलाबाळांचे शिक्षण व नोकरी एका जुन्या लेखनिकाने घाईत लिहिलेल्या शब्दावर अवलंबून राहिली. त्या लेखनिकाच्या डोळ्यांपुढे सारा होता, शाळा होती, फिर्याद होती. पणतवाचा दाखला नव्हता. ‘कुणबी’ हा शब्द त्याने जात म्हणून लिहिला की शेती करणारा म्हणून, हा प्रश्न त्यामुळेच इतका बिकट होतो, आणि त्याचे उत्तर एका ओळीत न शोधता त्या वहीची चार पाने, त्याच गावची दुसरी वही आणि त्याच कुटुंबाच्या इतर शाखांच्या नोंदी एकत्र ठेवून शोधावे लागते.

ज्या घराला आपले कूळ शोधावयाचे असेल, त्याने आजच्या पिढीपासून मागे जावे. थोर मूळपुरुष गृहीत धरून पुढे येऊ नये. प्रथम घरातील वृद्धांकडून नावे, माहेरे व सोयरिकी उतरून घ्याव्यात. मग शाळेची वही, जन्म-मृत्यूची नोंद, सातबारा व त्यामागील खासरा आणि पाहणीपत्रके पाहावीत. नंतर गावची उपाध्यायाची वही शोधावी, आणि शेवटी दप्तरखान्याकडे जावे. प्रत्येक नावासमोर तो कागद कोणत्या कामाचा हे लिहून ठेवावे. जेथे साक्ष संपते तेथे रेघ ओढून थांबावे. त्या रेघेच्या पलीकडे सूर्यवंश असो वा चंद्रवंश, तो कुटुंबाच्या श्रद्धेचा भाग आहे, इतिहासाचा नव्हे.

आणि जेथे कागदच नाही, तेथेही कूळ होतेच. लेखात नाव नसलेल्या माणसांनी या डोंगरांतली रानमोड केली, विहिरी खणल्या, पितळखोऱ्याचे कातळ फोडले आणि घाटातली वाट पाडली. त्यांच्या वंशजांनी आज निदान आपल्या मुलाबाळांची, लेकीसुनांची नावे एका स्वच्छ वहीत, तारखेसह, लिहून ठेवली, तर पुढे शंभर वर्षांनी शोध घेणाऱ्याला प्रथमच असा एक कागद मिळेल, जो त्याच्याचसाठी लिहिला होता.